वाशिष्ठीच्या कांठीं

कऱ्हाडाहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरूं लागलें, कीं देशावरचा वारा मागें राहतो आणि कोंकणची दमट हवा अंगास चिकटूं लागते. शाळेंतील नोकरी संपल्यापासून वर्षांतून एकदां चिपळुणास जाऊन आमच्या वडील भगिनीच्या ओसरीवर आठ दिवस काढावयाचे, हा आमचा परिपाठ आहे. गेल्या वैशाखांत मात्र आंब्याफणसांखेरीज दुसरेंही एक कारण होतें. आक्कानें दूरध्वनीवर सांगितलें होतें, "नाना, इथें नदीकांठीं पुराची भिंत बांधायची म्हणतात. आमच्या आळीची सभा बोलावली आहे. तूं ये. तुला कागद वाचतां येतात."

घाटाच्या पायथ्याशीं पोफळी लागते. येथें डोंगराच्या पोटांत कोयनेचें वीजगृह आहे. कोयना ही मूळची कऱ्हाडास कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जाणारी नदी. धरण बांधून तिचें कांहीं पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे वळविलें आणि त्या उतारावर वीज निर्माण केली. कृष्णा-लवादानें या कामासाठीं वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घालून दिली. तें पाणी यंत्रें फिरवून झाल्यावर कोळकेवाडीमार्गें वाशिष्ठीस मिळतें. म्हणजे वाशिष्ठी आपल्या खोऱ्यांतला पाऊस तर वाहतेच, पण सह्याद्रीपलीकडच्या एका नदीचें पाणीही वाहते. तिसरें पाणी समुद्राचें. वाशिष्ठी पुढें दाभोळच्या खाडीस मिळते, आणि भरतीचा जोर खाडींतून वर चिपळुणापर्यंत पोहोंचतो. गोवळकोटच्या धक्क्यास एके काळीं गलबतें लागत, तीं याच भरतीच्या बळावर. शिवाय शहरांतून वाहणारी शिवनदी आहेच.

चिपळुणाच्या डोक्यावर परशुरामाचें देवस्थान आहे. बाण सोडून समुद्र हटविला व ही भूमि मिळविली, ही कथा आमच्या वाचकांच्या घरोघरीं मुलांस सांगितली जाते. आम्हीही ती वर्गांत पुष्कळदां सांगितली. परंतु चिपळुणास चार पावसाळे काढलेल्या माणसास वाटतें, कीं समुद्रानें तो करार पुरता मान्य केलेला नाहीं. २६ जुलै २००५ च्या पुरांत शहर बुडालें. २२ जुलै २०२१ रोजीं तें पुन्हां बुडालें, आणि अधिक बुडालें. त्या दिवशीं आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. कोंकणच्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे समुद्राच्या पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानानें निघते. तेराची पाऊणपट पावणेदहा. खाडींतून वर यावयास आणखी कांहीं वेळ. पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. डोंगरांत अतोनात पाऊस आणि समुद्राकडचें दार बंद, अशा कात्रींत शहर सांपडलें. चिपळूण व कामथे यांमधील पुलाशीं वाशिष्ठीनें धोक्याची खूण ओलांडल्यामुळें कोंकण रेल्वेच्या गाड्याही जागच्या जागीं थांबल्या.

आक्काचें घर बाजारपेठेच्या मागील आळींत आहे. ओसरीच्या लांकडी खांबावर दोन रेघा आहेत. खालची २००५ ची, वरची २०२१ ची. घरास रंग दिला तेव्हां आक्कानें रंगाऱ्यास बजावलें, "खांबाला हात लावायचा नाहीं." वरची रेघ आमच्या डोक्यापेक्षां हातभर उंच आहे. त्या पहाटे घरांत प्रथम उठली ती धाकटी सूनबाई. बंब पेटवावयास ती मागील दारीं गेली, तों परसांत पाणी. तिनें आंत येऊन सांगितलें. घरांतील कर्त्या मंडळींनीं अंथरुणांतूनच उत्तर दिलें, कीं नदी पुढच्या अंगाला आहे, मागून पाणी कसें येईल? पावसाचें साचलें असेल. तासाभरांत धान्याच्या कोठ्या तरंगूं लागल्या. बारा माणसें माडीवर चढलीं आणि दुसऱ्या दिवशीं पाणी ओसरेपर्यंत तेथेंच बसलीं. आक्काच्या यजमानांच्या पोथ्या खालच्या कपाटांत होत्या. त्यांचा पुढें लगदाच हातीं आला.

सभेच्या आदल्या दिवशीं आम्हीं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरांत जाऊन बसलों. १८६४ सालीं स्थापन झालेलें हें ग्रंथालय. २००५ च्या पुरांत त्याचे ग्रंथ भिजले, गांवानें तें पुन्हां उभें केलें. २०२१ च्या पुरांत हजारों ग्रंथ पुन्हां भिजले, आणि गांवानें तें पुन्हां उभें केलें. मास्तरकींत जन्म गेलेल्या माणसास येथील कपाटांपुढें उभें राहिलें म्हणजे कांहीं बोलवत नाहीं. तेथें एक गोष्ट मनांत आली. पुस्तकें भिजलीं तर दुसरीं आणतां येतात. पण पाणी कोणत्या दिशेनें, किती वेळांत, कोणत्या रंगाचें आलें, ही माहिती कोणत्याही पुस्तकांत नसते. ती माणसांपाशीं असते, आणि माणसें विचारल्यावांचून ती सांगत नाहींत.

विचारणें म्हणजे तरी काय? शहरावर निळ्या व लाल पूररेषा आंखल्या गेल्या. पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची ती लाल, असा त्यांचा ढोबळ अर्थ. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई. निळी व लाल यांमध्यें निर्बंध. रेषांच्या आंत जुनी वस्ती आल्यामुळें लोकांत मोठा असंतोष झाला. आधीं नदींतील गाळ काढा, मग रेषा काढा, असें त्यांचें म्हणणें. २०२१ च्या डिसेंबरांत चिपळूणकरांनीं साखळी उपोषण केलें. त्यानंतर वाशिष्ठी व शिवनदी यांतील गाळ काढण्याच्या कामास वेग आला. कोयनेच्या पाण्याचा पुराशीं संबंध किती, यावरही वाद झाले आणि अभ्यासगट बसले. सभेस जातांना भाच्यानें आणखी एका गोष्टीची आठवण दिली. २ जुलै २०१९ च्या रात्रीं याच तालुक्यांतील तिवरे येथील धरण फुटून वीसांच्या वर माणसें दगावलीं. धरण गळतें आहे, अशी तक्रार ग्रामस्थांनीं आधींच केली होती. "मामा," तो म्हणाला, "इथें लोक सभेंत ओरडतात, असें बाहेरचे म्हणतात. हळू सांगितलेलें ऐकूं जात नाहीं, हें आम्हांला ठाऊक आहे म्हणून ओरडतात."

सभा एका शाळेच्या वर्गांत होती. खात्याच्या वतीनें एक तरुण इंजिनिअरबाई आल्या होत्या. वयानें आमच्या धाकट्या लेकीएवढ्या. फळ्यावर नकाशा लावला होता आणि त्यावर नदीकांठानें भिंतीची जाड रेघ होती. "आराखडा अजून पक्का नाहीं, आपल्या हरकती व सूचना घ्यावयास आलें आहें," असें त्यांनीं म्हणतांच एक दुकानदार उठला. "पक्का नाहीं, तर शाईनें कां काढला? पेन्सिलीनें काढायचा." सगळे हंसले, बाईही हंसल्या, पण थोड्या ओशाळल्या. मग गाळ निघाला, कोयना निघाली, पूररेषा निघाल्या. काढलेला गाळ कांठावरच ठेवला, तर पहिल्या पावसांत तो परत नदींत जातो, असें एक जण म्हणाला. दुसऱ्यानें सांगितलें, कीं तोच गाळ सखल मळ्यांत भरावास टाकतात, आणि पुराचें पाणी पसरावयाची जागाच बुजते. दोघांचेंही बोलणें बाईंनीं लिहून घेतलें.

मग आक्का उठली. पंचाहत्तरी ओलांडलेली ही बाई आजवर सभेंत बोललेली आम्हीं पाहिली नव्हती. ती म्हणाली, "बाई, तुमची भिंत पुढून आहे. आमच्याकडे पाणी पुढून येत नाहीं. मागच्या पऱ्यांतून उलटें चढतें. हें मीं नाहीं पाहिलें, माझ्या सुनेनें पाहिलें. तेव्हां आम्ही तिचें ऐकलें नाहीं. तुम्ही तरी ऐका." पऱ्या म्हणजे डोंगराकडून येणारा लहानसा ओढा. पावसाळ्यांत वाहतो आणि पुढें नदीस मिळतो. सूनबाईस उभें राहावें लागलें. ती अडखळत बोलूं लागली, पण मजकूर मोठा नेमका होता. पाणी आलें तेव्हां उजाडलें नव्हतें. तें तांबडें नव्हतें, काळें होतें. त्यास चिखलाचा नव्हे, गटाराचा वास होता. नदीचें तांबडें पाणी रस्त्यानें आलें तें पुष्कळ नंतर.

इंजिनिअरबाईंनीं लेखणी खालीं ठेवली. मग खडू घेऊन फळ्यावर त्यांनीं जें समजाविलें, तें आम्हांस वर्गांतल्या चांगल्या पाठासारखें वाटलें. नदी फुगली, कीं पऱ्याचें पाणी बाहेर पडूं शकत नाहीं. नदीची पातळी त्याच्या तोंडापेक्षां उंच झाली, कीं प्रवाह उलटा फिरतो. नुसती भिंत बांधली, तर पऱ्याच्या तोंडाशीं ती उघडी ठेवावी लागेल आणि पाणी तेथून शिरेल. तें तोंड बंद केलें, तर आळींत पडणारा पाऊस आंतच कोंडून आळीचा हौद होईल. म्हणून पऱ्याच्या तोंडाशीं नदी चढतांच मिटणारी झडप हवी, आंतलें पाणी उपसून बाहेर टाकणारे पंप हवेत, आणि तें पाणी तोंवर थांबावयास पऱ्यांत पुरेशी जागा हवी. इतकें सांगून त्यांनीं विचारलें, "हा पऱ्या पूर्वीं किती रुंद होता?"

वर्गांत एकदम शांतता झाली. ती मिनिटभर तरी टिकली असेल. मग शेवटच्या बांकावरून एक म्हातारे गृहस्थ, आक्काचे मागील अंगाचे शेजारी, बसल्या जागेवरूनच म्हणाले, "आठ हात. आतां दोन." बोलतांना ते आमच्याकडे पाहत नव्हते. आम्हांसही त्यांच्याकडे पाहवलें नाहीं.

त्याचें कारण वाचकांस सांगितलें पाहिजे. १९८८ च्या सुमारास आक्काच्या यजमानांनीं परसाच्या मागें जांभ्या दगडांचा गडगा घातला, तो पऱ्याच्या पात्रांत पुढें सरकवून घातला. तेवढ्या पट्ट्यांत पांच माड लागले. शेजाऱ्यांनीं कचेरींत तक्रार केली. त्यांचा अर्ज चार ओळींचा होता. अक्षर वेडेंवांकडें, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाहीं. त्यांत एवढेंच होतें, कीं पाण्याची वाट अडवूं नये, तें उलटून अंगावर येतें. त्या अर्जास उत्तर आम्हीं लिहिलें. आम्ही तेव्हां नुकतेच मास्तर झालों होतों आणि भाषेची मोठी ऐट होती. तीन पानें लिहिलीं. ‘सदरहू ओहोळ केवळ पर्जन्यकालीन असून तद्गत प्रवाह नगण्य होय’ असें एक वाक्य त्यांत होतें. तें आजही आम्हांस पाठ आहे. तक्रार निकालांत निघाली. शेजाऱ्यांपाशीं माहिती होती, आमच्यापाशीं व्याकरण होतें. आणि व्याकरण जिंकलें. २०२१ सालीं त्या शेजाऱ्यांच्या घराची मागली भिंत पडली. भिंत पाडणाऱ्या त्या पाण्यास वाट नव्हती, याचा पहिला दाखला आमच्याच हस्ताक्षरांत कोठेंतरी दप्तरांत पडून आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं इंजिनिअरबाई स्वतः आल्या. खांबावरच्या दोन्ही रेघा त्यांनीं मोजल्या, सूनबाईंबरोबर मागील दारीं गेल्या, पऱ्यांत उतरल्या. गडगा पाहून कांहीं बोलल्या नाहींत. फक्त फीत लावून आंकडा लिहून घेतला. त्या गेल्यावर रात्रीं ओसरीवर घरची मंडळी बसली. थोरल्या भाच्याचें म्हणणें गैर नव्हतें. वरच्या अंगास चौघांनीं हेंच केलें आहे. आपण एकट्यांनींच गडगा काढून काय होणार? जागा जाईल, माड जातील, आणि पाणी यावयाचें तें येईलच. पुण्यास इंजिनिअरिंग शिकणारी नात सुटीस आली होती. तिनें हॉलंडची हकीकत सांगितली. १९९५ सालीं तेथील नद्यांस पूर येऊन सुमारें अडीच लाख लोकांस घरें सोडावीं लागलीं. त्यानंतर बांध उंचच उंच करीत बसण्याऐवजीं नद्यांनाच जागा द्यावी, असें तेथील सरकारनें ठरविलें. ओव्हरडीप नांवाचा एक सखल भाग पुरासाठीं मोकळा ठेवण्याची गोष्ट निघाली, तेव्हां तेथील शेतकऱ्यांनींच पुढें होऊन तोड सुचविली: आमचीं घरें व गोठे उंच टेकाडांवर बांधूं द्या, आणि पाण्यास आंत येऊं द्या. तसें झालें. तरीही सुमारें निम्म्या कुटुंबांस ती जागा सोडावी लागली.

"त्यांनीं घरें सोडलीं," आक्का म्हणाली, "आपल्याला पांच माड सोडायचे आहेत." मग तिनें धाकट्या सुनेस विचारलें, "तुझें काय मत?" एवढ्या मोठ्या घरांत जागेजमिनीच्या गोष्टींत सुनेस मत विचारल्याचें आम्हांस तरी आठवत नाहीं. ती म्हणाली, "मला तें काळें पाणी पुन्हां पाहायचें नाहीं. आणि शेजारच्या काकांच्या भिंतीचा आवाजही पुन्हां ऐकायचा नाहीं." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. भाचा उठून आंत गेला आणि मिळकतीचे कागद घेऊन आला.

सकाळीं आम्हीच शेजाऱ्यांकडे गेलों. काय बोलावयाचें याची रात्रभर जुळवाजुळव केली होती. त्यांतलें एकही वाक्य उपयोगी पडलें नाहीं. आम्ही एवढेंच म्हणालों, "तें उत्तर मीं लिहिलें होतें." ते म्हणाले, "ठाऊक आहे. आतां दुसरा कागद लिहा. तुम्हांला लिहितां येतें."

तो कागद आम्हीं लिहिला. आळीच्या वतीनें हरकती व सूचना म्हणून. पऱ्याच्या तोंडाशीं झडप व पंप असल्याखेरीज भिंत बांधूं नये. पंपाची देखभाल कोण करणार आणि वीज गेली तर तो कशावर चालणार, हें आधीं ठरवावें. काढलेला गाळ कांठावर ठेवूं नये आणि सखल जागींही भरूं नये. पऱ्याची जुनी रुंदी मोजून नकाशावर घ्यावी. आणि शेवटचें कलम, जें एरवीं अशा अर्जांत नसतें: पऱ्यांत ज्यांचीं बांधकामें पुढें आलीं आहेत, त्या घरांपैकीं आमचें घर आपला गडगा स्वखर्चानें काढीत आहे, इतरांशीं आम्ही बोलत आहों. वाक्यें लहान ठेवलीं. प्रत्येक कलम आधीं शेजाऱ्यांस वाचून दाखविलें. त्यांनीं दोन ठिकाणीं दुरुस्त्या सांगितल्या, त्या दोन्ही बरोबर होत्या. पहिली सही त्यांची, दुसरी सूनबाईंची. आमची सही त्यावर नाहीं, कारण आम्ही तेथील रहिवासी नव्हे. आम्ही निघालों तोंवर अर्जाची पोंच मिळाली होती, उत्तर नव्हे; वरच्या अंगाच्या चार घरांपैकीं एकानें होकार दिला होता, एकानें तोंड फिरविलें होतें, दोघे विचार करीत होते. गडग्याचे वरचे दोन थर उतरले होते, आणि जांभ्याचे चिरे परसांत रचून ठेविले होते.

सल्लामसलतीस संस्कृतांत ‘परामर्श’ असा शब्द आहे. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास तो अनुमानाच्या आदली पायरी म्हणून परिचित असतो: परामर्श झाल्यावांचून निष्कर्ष नाहीं. त्याचा धातु ‘मृश्’. अर्थ स्पर्श करणें, हात लावून पाहणें. इतकीं वर्षें आम्हीं हा शब्द शिकविला, पण त्याचा अर्थ कळला तो त्या बाई चपला काढून पऱ्यांत उतरल्या तेव्हां. खात्यानें लोकांस विचारावें हें खरें. भिंतीची रेघ शाईनें काढण्याच्या आधीं विचारावें, हें अधिक खरें. परंतु ज्यांस विचारलें जातें, त्यांनाही आपल्या गडग्यास हात लावून पाहावा लागतो. नाहीं तर सभा होते, कागद होतात, आणि पाणी आपल्या जुन्या वाटेनें येतें.

पुण्यास परतल्यावर आम्हीं प्रथम आमच्या घरांतील सर्वांस ओळीनें विचारलें, कीं पावसाळ्यांत पाणी आधीं कोठून येतें. आमचें उत्तर चुकलें. बरोबर उत्तर दिलें तें भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंनीं. वाचकांनीं मृगापूर्वीं आपापल्या घरीं हाच प्रश्न अवश्य विचारून पाहावा.